बाबांचा तिसरा अंक

सोमवार, ४ तारीख

आत्या,

नमस्कार, तब्येत, खुशाली हे सगळं विचारून झालं असं समज. ड्रायव्हरकाका संध्याकाळची बस काढायच्या आत हा कागद त्यांच्या हातात पडायला हवा. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाईलवर लिहिलेलं तू वाचत नाहीस. तेव्हा घे, कागदावर ऐक.

येत्या शनिवार, रविवार, सोमवार अशी जोडून सुट्टी आलीय आणि गावाच्या अंगात वारं शिरलंय. दिसेल त्या खांबावर जाहिरात. वाचनालयाच्या पायऱ्यांवर बायकांचं समूहगान, शाळेच्या अंगणात मुलांचं नाटक, टाऊन हॉलमध्ये तिन्ही संध्याकाळी आपलं नाटक, आणि टाऊन हॉलच्याच मागच्या मैदानात तिन्ही संध्याकाळी बँड. हो, त्याच वेळी! कार्यक्रमांचं बघणाऱ्या साहेबांना जाऊन विचारलं, मध्ये एकच भिंत आहे, तीही निम्मी खिडक्यांची, हे दिसलं नाही का तुम्हाला? तर म्हणाले, "हॉल वेगळा, मैदान वेगळं. दोघांचे अर्ज वेगळे." झालं.

आणि बँड कुणाचा? माझं ज्याच्याशी ठरलंय त्याचा. ठरलंय म्हणजे मी ठरवलंय. बाबा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. नुसतं 'तो पिपाणी' म्हणतात. चांगली क्लॅरिनेट वाजवतो ग तो! महिनाअखेरीला त्याला दुसऱ्या शहरात संगीतशाळेत शिकवायला जायचंय आणि मी त्याच्याबरोबर जाणार, हेही बाबांना सांगून टाकलं. त्यावर म्हणाले, "दुकानाच्या काचा पुसायला झाल्यात." आणि खरंच चष्म्याच्या दुकानात जाऊन पुसत बसले.

आता बाबा म्हणतात, पिपाणीला सांग बँड हलव. पिपाणी म्हणतो, बाबांना सांग पडदा उशिरा उघडा. माझं म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. खरं सांगू? बँड वाजला तर बिघडतं काय? बाबांचा आवाज शेवटच्या रांगेत पोचतोच. अडचण होईल ती माझी, विंगेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या बाईची, आणि तिची कुणाला गरज? तुझी खुर्ची तू मला दिलीस खरी, पण तालमीत मी माशा मारते.

एकदाच तोंड उघडलं आणि शोभा झाली. तिसऱ्या अंकात मुलगी घर सोडून निघते, बाप तिच्याकडे बघत राहतो, ती बाबांची सुप्रसिद्ध स्तब्धता. मला वाटलं, विसरले. मी विंगेतून पुढचा शब्द दिला. बाबांनी मुकाट्याने वाक्य म्हटलं, पण बाकीचे हसून हसून लोळले. लोक जी स्तब्धता बघायला तिकीट काढतात, तिच्यात ही बया बोलली! बाबासुद्धा म्हणाले, "अगं, तिथे थांबायचं असतं." मी कानाला खडा लावलाय. तिथे आता मेले तरी बोलणार नाही.

तुझी भिंगरी


बुधवार, ६ तारीख

भिंगरे,

पत्र पोचलं. अक्षर म्हणजे कोंबडीने अंगणात उकरल्यासारखं. मुलगा विचारत होता, आई, हे मराठीच आहे ना?

आधी कामाचं. बँड हलव. कसा हलवायचा ते तुझं तू बघ, तुझाच आहे तो. वेळ बदला, जागा बदला, सगळ्यांना एकदम जुलाब होऊ देत, मला काय. पण तिसरा अंक चालू असताना त्या भिंतीपलीकडे वाद्य वाजता कामा नये. का, ते विचारू नकोस.

दुसरं. स्तब्धता बिब्धता काही नाही, तिथे तू शब्द द्यायचा. दर खेळाला. हसेनात का लोक. अख्खं वाक्य ओतू नकोस, पहिले दोन शब्द पुरतात. आणि कुजबुजू नकोस. कुजबुजलेलं प्रेक्षकांना ऐकू जातं आणि नटाला जात नाही. साध्या आवाजात, खालच्या पट्टीत बोल, शेजारणीला मीठ मागतेस तसं. त्याची मान डावीकडे कलली की द्यायचा. इतकी वर्षं मी हेच केलं आणि एकाही माणसाने मागे वळून पाहिलं नाही.

कान गेले नसते तर मी खुर्ची सोडली नसती, हे लक्षात ठेव. नट कुठे आलाय हेच ऐकू येईना, तर शब्द देणार कशाचा? इथे मुलाकडे सगळे चांगले आहेत. सून चहाचा कप हातात आणून देते. दिवसभर खिडकीत बसून रस्त्याकडे बघते आणि कुणाला काय म्हणायचंय ते ओठांवरून ओळखते. काही कामाचं नसतं.

पिपाणी कसा आहे ते लिहिलं नाहीस. वाजवतो चांगली, ते झालं. जेवताना बोलतो का?

आत्या


गुरुवार, ७ तारीख

आत्या,

तूही बाबांचीच बाजू घेणार! भाऊ-बहीण दोघं एका माळेचे मणी.

तुझ्या सांगण्यावरून गेले मैदानात. पिपाणी खुर्च्या मांडत होता. म्हटलं, हलव. म्हणाला, कारण सांग. आता कारण काय सांगू? आत्याने सांगितलंय आणि विचारायचं नाही? तो म्हणाला, बँडातला एक बेकरीत कामाला आहे, एक दवाखान्यात, तुतारीवाल्या बाईंना घरी लहान मूल आहे. सगळ्यांना एकदम रिकामी अशी हीच सुट्टी मिळालीय. त्यातून पहिल्यांदा तो म्होरक्या. वेळ पुढे ढकलावी तर मैदानातले दिवे लवकर बंद होतात. त्याचं म्हणणं चुकीचं आहे का, सांग.

मी म्हटलं, बाबांसाठी एवढं कर. तर फाडकन म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय तुझ्या बाबांचं. चांगल्या नटाला बाहेरच्या आवाजाने काय होतं?" मग मीही बोलले. मग तोही बोलला. कालपासून अबोला आहे. सायकल घेऊन मी उगीचच तीनदा मैदानावरून गेले. त्याने बघितलं नाही, किंवा बघितलं आणि दाखवलं नाही.

घरी आले तर बाबा आरशासमोर तिसरा अंक म्हणत होते. मला बघून थांबले, म्हणाले, "नळ गळतोय." नळ नव्हता गळत.

आणि शब्दाचं म्हणशील तर मी नाही देणार. रागावू नकोस. तुझं वय झालंय, तुला जुनी सवय आहे. मी ती स्तब्धता लहानपणापासून पहिल्या रांगेत बसून बघितलीय. नाटकातला घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा बाप, मुलीच्या अंगात प्रवासाचा कोट, आणि बाप बघतोय, बघतोय, आणि मग, "जा. इथलं मी बघतो." माझ्या अंगावर काटा येतो. त्यात मी तोंड घालू?

कारण सांग, तर ऐकेन. नाही तर नाही.

भिंगरी


शुक्रवार, ८ तारीख

भिंगरे,

बस आता सुटेल. बसस्टँडवर उभी राहून लिहिते आहे, कागद गुडघ्यावर आहे. हट्टाला पेटलीस ना? मग ऐक.

ती स्तब्धता नाही. कधीच नव्हती. दादाला ते वाक्य आठवत नाही.

तुझी आई गेली त्या वर्षी पहिल्यांदा झालं. बारा दिवस पुरे झाले नव्हते, आणि हा रंगून उभा राहिला. मुलगी कोट घालून समोर आली आणि ह्याच्या तोंडातून शब्द फुटेना. मी दिला, त्याने म्हटला. पडदा पडल्यावर लोक रडत आत आले, काय ती स्तब्धता, काय तो संयम! दादाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. त्या दिवसापासून दर खेळाला तेच. बाकी अख्खं नाटक पाठ, आणि हे एक वाक्य त्याच्या डोक्यात टिकत नाही. घरी, तालमीत दहादा म्हणतो, खेळात तिथे गेला की पाटी कोरी.

गेल्या वर्षापासून एका वाक्यावर भागेना. त्याच्या पुढचं पानभर मी दिलं. डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस, गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावतो, आणि स्वतः असा. कुणाला सांगायचं नाही असं त्याने माझ्याकडून वचन घेतलंय. ते आत्ता मोडलं.

आता कळलं, बँड का नको? तुझा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच पाहिजे. शनिवारी तू गप्प बसलीस तर तो तिथे सगळ्या गावासमोर उघडा पडेल. मान डावीकडे कलली की दे. देशील ना? दे ग बाई.

नेहमीचे ड्रायव्हर सुट्टीवर गेलेत. बदली माणूस आहे, जांभया देतोय. तुझा पत्ता दोनदा समजावून सांगितला.

आत्या


रविवार, १० तारीख, सकाळ

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे तू फुगलीस. फुग. पण कालचा खेळ असा झाला की तू असतीस तर राग विसरून नाचली असतीस!

हॉल भरलेला. पलीकडे बँड सुरू होता, आणि काय सांगू, दोन अंक कुणाला जाणवलासुद्धा नाही. तिसऱ्या अंकात दातांची डॉक्टरीण कोट घालून आली. (मुलीचं काम अजून तीच करते, आणि रडताना अजून तोंड उघडून दात दाखवते.) बाबा थांबले. मी पुस्तक मिटलं. ओठ घट्ट मिटून बसले, आणि स्तब्धता लांबत गेली, लांबत गेली. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. भिंतीपलीकडे पिपाणीची क्लॅरिनेट एकटी चालली होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघून हसले, म्हटलं, वा!

पुन्हा बघितलं. मी मान डोलावली.

मग काय केलं असेल? वाक्य म्हटलंच नाही! पाठ फिरवली आणि सावकाश आत निघून गेले. डॉक्टरीण खांबासारखी उभी. कुणीतरी पडदा ओढला. आणि टाळ्या! वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, शेवट बदलला तो फार छान केला, न बोलता सगळं बोलले.

फक्त बाबांचं काही कळत नाही. रंग न उतरवता घरी आले. जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, आजचा खेळ रद्द, दारावर पाटी लाव, प्रकृती बरी नाही. मी म्हटलं, अहो, एवढं कौतुक झालं! तर माझ्याकडे असं बघितलं की मी

आत्या, आत्ता दारात तो बदली ड्रायव्हर आला होता. पाकीट शुक्रवारपासून त्याच्या कोटाच्या खिशात होतं.

वाचलं.

मी हसले ग त्यांच्याकडे बघून. ते मदत मागत होते आणि मी हसले. मान डोलावली. आता ते आतल्या खोलीत आहेत, मी बाहेर, आणि मला एका जागी बसवत नाही. दारापर्यंत जाते आणि परत येते. काय म्हणून आत जाऊ? त्यांना वाटत असेल, हिला माहीत होतं आणि हिने मुद्दाम. जायचंय म्हणून सूड घेतला.

काय करू ते सांग. बस इथेच उभी आहे, ह्याच्याच हाती देते. ह्यावेळी त्याच्या डोळ्यांदेखत खिशाला पिन लावली.

भिंगरी


रविवार, दुपार

भिंगरे,

रडणं पुरे. नाक पूस.

मी इथून काय सांगणार? मला तिथलं दिसत नाही, ऐकू तर येतच नाही. एकच सांगते. वचन मी दिलं होतं, तू नाही दिलंस. ज्याला सांगावंसं वाटतं त्याला सांग. इतकी वर्षं हे आम्ही दोघांनीच उचललं, आता दोघांच्या खांद्यांत जोर नाही.

आणि दार ढकलून आत जा. बाप आहे तुझा, वाघ नाही.

आत्या


मंगळवार, १२ तारीख

आत्या,

आता सगळं नीट सांगते. निवांत बसून वाच.

रविवारी तुझं पत्र आलं तशी चपला न घालताच मैदानात गेले. पिपाणी वाद्य जुळवत होता. सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं म्हणून त्याला हाताला धरून खुर्च्यांच्या मागे नेलं आणि सांगितलं. अंगण वाकडं म्हणाला होता ना, ते त्याला आठवलं असणार, कान लालभडक झाले. मग म्हणाला, "चल." तसाच घरी. आपल्या घरी तो पहिल्यांदा आला, आत्या, आणि तो असा.

दार मी ढकललं. बाबा खिडकीशी बसून कुणाचा तरी चष्मा पुसत होते.

"काय पिपाणी," बाबा म्हणाले, "आज वाजवायचं नाही?"

"तुम्ही म्हणाल तर आज नाही, उद्याही नाही," तो म्हणाला.

बाबांनी चष्मा खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?" तो माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, मी. "आणि तुला?" म्हटलं, आत्याने. "एक वचन पाळवत नाही त्या भवानीला," म्हणाले, आणि मग तोंडावर हात ठेवून बसले. मी जवळ गेले. म्हटलं, बाबा, शनिवारी मला माहीत नव्हतं हो, शप्पथ. म्हणाले, "तुला माहीत नव्हतं हे मला माहीत होतं. म्हणून तर तोंड दाखवायची लाज वाटली." हसलीस तेव्हा लहानपणी पहिल्या रांगेत दिसायचीस तशी दिसलीस, म्हणाले. मला पुढचं काही ऐकवलं नाही.

पिपाणी म्हणाला, सोमवारी तिसऱ्या अंकाला बँड गप्प राहील. बाबा उसळले. "खबरदार! तू थांबलास की लोक विचारणार, का थांबला? सुट्टीचे लोक आलेत, त्यांना बँड पाहिजे. वाजव. चांगला वाजवतोस." शेवटचं वाक्य पुटपुटले, पण मी ऐकलं आणि पिपाणीनेही ऐकलं.

पण मग बँड वाजणार, विंगेतून ऐकू येणार नाही, आणि सोमवारचा खेळ रद्द केला तर गावात कुजबुज. मग मीच म्हटलं, मी विंगेत बसतच नाही. मुलीचं काम मी करते. दोन हातांवर उभी असेन, कितीही वाजू दे. नाटक मला पाठ आहे, तुमचंसुद्धा.

डॉक्टरणीकडे गेले. तिला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, शनिवारी मी तिथे समोरच उभी होते, मला कळलं होतं काहीतरी. कोट काढून माझ्या हातात दिला. मला ढगळ होतो.

काल हॉल खचाखच. शनिवारचा शेवट ऐकून माणसं आली होती, पायऱ्यांवर बसली होती. पहिले दोन अंक बाबा असे काही बोलले की मला वाटलं, कशाला मी उगाच. तिसऱ्या अंकात दोनदा अडले, दोनदा मी शब्द दिला, कोटाचं बटण लावता लावता. कुणाला पत्ता नाही. पलीकडे बँड जोरात.

मग ती जागा आली. बॅग उचलली, वळले, बाबा बघत राहिले. मान डावीकडे कलली. आता मी द्यायचा. 'जा. इथलं.' एवढंच. आत्या, माझ्या तोंडून निघेना. बाबांच्या तोंडात 'जा' घालायचं, आणि कुणासाठी, तर माझ्यासाठी! मी नुसती बघत राहिले. बाबांना कळलं, ही अडली. इतकी वर्षं नाटकात काढलेला माणूस, समोरचा अडला की ओळखतो. एक पाऊल पुढे आले, माझी कॉलर नीट केली आणि खालच्या आवाजात, मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले, "जा."

मग मोठ्याने, हॉलला ऐकू जाईल असं: "जा. इथलं मी बघतो."

कुणी दिलं नव्हतं त्यांना. त्यांचं त्यांनी म्हटलं.

पुढचं पान गेलं ते गेलंच, एक अक्षर आठवलं नाही, ते मी माझ्या वाक्यांत मिसळून कसंबसं निभावलं. पण ते म्हणाले ग.

आज सकाळी दुकानात गेले तर काचा पुसत नव्हते. म्हणाले, पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्या कुणाला द्या, मी पुरे झालो. आणि महिनाअखेरीच्या गाडीचं विचारलं, पिपाणीची वाद्यं कशातून नेणार म्हणून. मी इतका वेळ जाण्यासाठी तडफडत होते, आणि आता पाय निघत नाही. ते एकटे राहणार, नळ गळतोय म्हणणार, आणि खरं काय ते कुणाला कळणार? मी राहू का, आत्या?

भिंगरी


बुधवार, १३ तारीख

भिंगरे,

पत्र चार वेळा वाचलं. सून विचारते, आई, काय झालं? म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. दोन्ही डोळ्यांत एकदम? म्हणाली. हुशार आहे.

कान गेल्यावर मुलगा मला तिथून इकडे न्यायला आला तेव्हा दादा बाहेरसुद्धा आला नाही. मी बसमध्ये बसेपर्यंत वाट बघितली. 'जा' म्हणणं माझ्या बाबतीत त्याला जमलं नाही, तुझ्या बाबतीत जमलं, आणि ते किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. तेव्हा राहू का, असं पुन्हा विचारलंस तर कान उपटीन. तो म्हणाला ना जा? मग जा. पिपाणीला जेवताना बोलायला शिकव आणि जा.

दादाची काळजी करू नकोस. सोमवारी मी येते आहे, कायमची. मुलाला सांगितलं, तो रुसला, पण सूनबाईने बॅग काढून दिली. मला ऐकू येत नाही, त्याला आठवत नाही, भांडण होणार कशावरून? सकाळी तो मला जगात काय चाललंय ते लिहून दाखवेल, आणि चहा घेतला की नाही ते मी त्याला सांगेन.

दादाला आधी सांगू नकोस, उगीच घर आवरत बसेल. पुढची सीट ठेवायला ड्रायव्हरला सांग. आणि तू बसस्टँडवर ये, माझ्याजवळ सामान फार आहे.

आत्या